हौदातल्या रुपेऱ्या

३ तारीख, सोमवार

काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ठमीचा खोकला. सुरू झाला की थांबायचं नाव नाही, मधे श्वासाला जागाच ठेवत नाही पोरगी, आणि शेवटी आत ओढल्यासारखा आवाज काढते. तो ऐकला की मी तिला उचलून उभी धरते. अजून बसता येत नाही तिला, एवढंसं लेकरू.

ही वही नर्सबाईंनी दिली. म्हणाल्या, खोकला कधी आला, दूध किती प्यायली, ओकली का, सगळं लिहून ठेव, मी येऊन बघेन. मी म्हटलं, "मला कुठे धड लिहिता येतं?" तर म्हणतात, "डॉक्टरांची अक्षरं वाचून माझी सवय झालीय, तू काहीही गिरव." तर पुढच्या बाजूने खोकल्याचं लिहिते. हे मागच्या बाजूने लिहितेय, हे माझं. दुसरं कोण आहे इथे बोलायला?

झोप न लागायला आणखी एक कारण आहे. आमचे हे. पहाटे उठतात, त्यांना वाटतं मी झोपलेय, हळूच दार ओढून घेतात. विचारलं तर म्हणतात, टाक्या बघायला गेलो होतो. कसल्या टाक्या? हे कामाला आहेत त्या माशांच्या केंद्रातल्या सगळ्या टाक्या रिकाम्या केल्यात ना! माशांना रोग आला, अंगावर लाल चट्टे, गोल गोल फिरायचे आणि उलटे व्हायचे. माशांची डॉक्टरीण आली आणि म्हणाली, एकही ठेवायचा नाही. चुना टाकून पुरले. ह्यांनीच खड्डा खणला. अंड्यातून बाहेर आल्यापासून ह्यांनी वाढवलेले ते मासे. त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत, तोंड भिंतीकडे करून पडून राहिले.

रिकाम्या टाकीत काय बघतात पहाटे?

४ तारीख, मंगळवार

मीठ संपलं. परवाच पुडा आणला होता. मी ह्यांना म्हटलं, घरात मीठ खाणारं भूत आलंय का. तर म्हणे, "तूच हात सैल सोडतेस. आमटी बघ, तोंडात धरवत नाही." आमटी अळणी होती! मीठच नव्हतं घरात.

मग दिवसभर मनात नको ते आलं. पहाटे जातात, तासाभराने येतात, आल्यावर हात साबणाने घासतात. पण बाईकडे जाणारा माणूस मीठ घेऊन जातो का? फुलं नेतो, साडी नेतो. माझंच मला हसू आलं, आणि मग रडू आलं, कारण ठमी परत खोकायला लागली.

संध्याकाळी दादाचा फोन आला. माझा मोठा भाऊ. वर नदीवर बंधारा आहे, तिथे तो राखणदार आहे. बंधाऱ्याला लाकडी फळ्या आहेत, माशांचे दिवस आले की तो त्या उचलतो आणि मासे वरच्या डोहात अंडी घालायला चढतात. नदीत रुपेरी मासा जवळजवळ संपलाच होता. मग मासेमारी बंद केली, केंद्र काढलं, टाकीत पिल्लं वाढवून नदीत सोडायची. सोडताना त्यांच्या पाठीवरचा छोटा पर कापतात, म्हणजे टाकीतलं कोणतं आणि नदीत जन्मलेलं कोणतं ते कळतं.

दादा ओरडतच होता फोनवर. "चिमे, परवाचे सगळे अख्ख्या पराचे! एकाचाही कापलेला नाही! नदीतच जन्मलेत गं, नदीतच! चढले वर!"

"अरे हो, कान फुटतील माझे."

"तुला मुलगी झाली तेव्हा पण एवढा ओरडलो नव्हतो."

"माहीत आहे. लक्षात ठेवलंय मी."

ठमीला खोकला आहे हे सांगितलंच नाही. तो लगेच बंधारा सोडून आला असता. मागे मला साधा ताप आला होता तर रात्रीचा चालत आला होता वेडा.

६ तारीख, गुरुवार

ठमीचा अंघोळीचा टब गायब. निळा, मोठा, दादाने दिलेला. ह्यांना विचारलं तर एकदम अंगावर आले. "टब टब काय लावलंयस? पोरीला खोकला आहे, अंघोळ कशाला घालतेस?" आणि मग स्वतःच खोकले. ह्यांना पण महिनाभर होता खोकला, बारीक, आता गेलाय बहुतेक. मी म्हटलं, तुम्ही पण दाखवा नर्सबाईंना. "मला काय धाड भरलीय?"

ह्यांच्या शर्टाला वास येतो. माशांचा वास ओळखते मी, लग्न झाल्यापासून तोच वास आहे घराला. पण टाक्या रिकाम्या झाल्यावर वास जायला हवा ना?

८ तारीख, शनिवार

सापडलं.

सकाळी उजेडात गेले मागोमाग, ठमीला खांद्यावर टाकून. क्वार्टर्सच्या मागे धुण्याची जुनी शेड आहे, पूर्वी सगळ्या बायका तिथे कपडे धुवायच्या, आता कुणी जात नाही. आत सिमेंटचे हौद. दार ढकललं तर हे हौदावर वाकलेले आणि पंप गुरगुरतोय. बाजूला माझे मिठाचे पुडे. निळा टब पण तिथेच.

मला बघून पांढरे पडले. मग म्हणाले, "ये. बघ तरी."

हौदात मासे होते. मोठे, कोपरापर्यंत येतील एवढे. रुपेऱ्या. केंद्रात ज्यांच्यापासून अंडी घ्यायची म्हणून ठेवलेले असतात ना, आईबाप मासे, त्यातले. पुढे मागे झुलत होते शांत, एकाच्याही अंगावर डाग नाही. पाणी इतकं स्वच्छ की तळाची भेग दिसत होती.

"पुरले होते ना सगळे?"

"हे कसे पुरू? ह्यांना झाला होता रोग. ह्यांच्या अंगावर पण चट्टे होते. शेजारचे पटापट मेले, हे नाही मेले. मिठाच्या पाण्यात ठेवले, बघ, बरे झाले! रोगाला पुरून उरले हे. अशांची पिल्लं नदीत झाली तर कधी कुठला रोग आला तरी नदी मरणार नाही. त्या डॉक्टरणीला नुसतं पुरायचं कळतं."

असं बोलताना ह्यांचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळलेला बघितला. मला काय, बाई नाही एवढ्यानेच माझा जीव भांड्यात पडला होता. मी म्हटलं, मी कुणाला सांगणार नाही. ह्यांनी माझ्या हातावर दाणे ठेवले. एक मासा वर आला आणि बोटाला तोंड लावून गेला, गार, मऊ. ठमी बघत होती. खोकली नाही तेवढा वेळ.

मिठाचं मात्र बोलले मी. म्हटलं, माझ्या आमटीला नावं ठेवता आणि मीठ माशांना घालता. तर हसले.

९ तारीख, रविवार

माशांची डॉक्टरीण आली, रविवार असून. क्वार्टर्सच्या प्रत्येक दारात. तरुण आहे, पायात गुडघ्यापर्यंत बूट, ओढून ओढून चालते. विचारत होती, केंद्रातली बादली, जाळं, काहीही घरी आणलंय का? असेल तर कडक वाळवा, ओलं असताना नदीजवळ न्यायचं नाही.

मी म्हटलं, "मासे तर पुरले. आता कशाला एवढं?"

उंबऱ्यावरच टेकली ती. बूट काढून त्यातला खडा झटकला. म्हणाली, "टाकीतल्यांचं मला एवढं नाही हो. नदीतल्यांची भीती आहे. पुष्कळ असते तर निम्मे मेले तरी निम्मे उरले असते. आत्ता मूठभर आहेत. आणि अंडी घालायला सगळे एकाच डोहात गर्दी करतात, अंगाला अंग लागून. एक आजारी शिरला की झालं. इतक्या वर्षांनी कुठे सावरतेय नदी, ती एका हंगामात परत होती तिथे."

मी म्हटलं, नाही बाई, आमच्या घरात काही नाही. पाणी दिलं तिला प्यायला. देताना निम्मं सांडलं, ती म्हणाली, "झोप होत नाही ना? बाळ लहान असलं की असंच." फार गोड बोलली. त्याचंच जास्त लागलं.

हे संध्याकाळी म्हणाले, आजारी शिरला की झालं, बरोबर बोलली. आपले आजारी कुठे आहेत? मला पटलं. खरंच, डागसुद्धा नाहीत.

११ तारीख, मंगळवार

नर्सबाई आल्या. तपासणीचा कागद आलाय. डांग्या खोकला.

मी ठमीला छातीशी धरलं. त्या म्हणाल्या, घाबरू नको, औषध सुरू करतेय, पण लक्ष ठेव. ओठ निळे झाले तर एक मिनिट थांबू नको, तशीच उचल आणि दवाखान्यात आण. ह्या सुईची तारीख चुकली होती आपली, आठवतं ना? ताप होता तिला म्हणून राहिली.

मग विचारलं, "घरात कुणाला होता खोकला?"

मी म्हटलं, "कुणाला नाही. म्हणजे ह्यांना होता थोडा, पण बरा झाला."

हे दारातच उभे होते. हसून म्हणाले, "मी ठणठणीत आहे बाई."

"तेच तर," नर्सबाई म्हणाल्या. "अंथरुणाला खिळलेला माणूस पोरीजवळ जातच नाही. ठणठणीत दिसणारा जातो, उचलून घेतो, गालाला गाल लावतो. मोठ्याला नुसता घसा खवखवतो, आणि तेच तान्ह्याच्या छातीत शिरलं की जीवावर येतं. तुम्ही दोघंही गोळ्या घ्या. आणि तुम्ही तोंडाला कापड बांधल्याशिवाय तिला घ्यायचं नाही."

हे हसायचे थांबले. नर्सबाई गेल्यावर जेवले नाहीत. ठमी रडत होती, नेहमी ह्यांच्याकडे गेल्याशिवाय गप्प होत नाही. हे खोलीच्या त्या टोकाला उभे राहून लांबूनच "अगं ठमाबाई, अगं ठमाबाई" करत राहिले.

मग शेडमध्ये गेले, माशांकडे.

१२ तारीख, बुधवार

बाटली उकळत होते आणि एकदम नर्सबाईंचं बोलणं आठवलं.

ठणठणीत दिसणारा.

माशांनाही तसंच नसेल? डाग गेले म्हणजे आतलंही गेलं असं कुणी सांगितलं? शेजारचे मेले, हे जगले. म्हणजे हे खमके आहेत. पण खमका असला म्हणून दुसऱ्याला देत नाही असं कुठे आहे? आमचे हे पण खमकेच आहेत की. मला शाळेत फार काही शिकवलं नाही, मी चुकत असेन. पण बाटली हातात तशीच राहिली, वाफेने बोटं भाजली तेव्हा कळलं.

हे आल्यावर मी बोलले. नीटच बोलले, आवाज न चढवता. म्हटलं, निदान त्या डॉक्टरणीला विचारू या एकदा.

"माशांना डांग्या खोकला होतो होय?" म्हणाले.

मी म्हटलं, "थट्टा करू नका."

"थट्टा? पोरीला मी दिलं म्हणतेस. आता नदी पण मीच मारतोय म्हण. म्हणून टाक एकदाच!"

"मी कुठे म्हटलं पोरीला तुम्ही..."

"नर्सबाई म्हणाली ना! तू मान हलवलीस!"

मी हलवली होती का मान? आठवत नाही.

त्यांचं ठरलंय. शनिवारी टेम्पोवाला मित्र बंधाऱ्याच्या दिशेने जातो, त्याच्याबरोबर टब घेऊन जाणार. बंधाऱ्याच्या खालच्या डोहात सोडणार. पर कापलेले नाहीत ह्यांचे, टाकीतच ठेवायचे म्हणून कापले नव्हते. म्हणजे दादाला वाटणार नदीतलेच आहेत. नाचत फळ्या उचलेल तो. स्वतःच्या हाताने वरच्या डोहात पाठवेल.

जाताना फोन खिशात टाकला ह्यांनी. आमच्यात एकच फोन आहे. म्हणाले, "आता काही दिवस माझ्याकडे राहू दे."

 माझ्याशी लग्न झाल्यापासून ह्यांनी कधी असं केलं नव्हतं.

१४ तारीख, शुक्रवार

काल लिहिलं नाही, ठमीला घेऊन बसले होते. आज जरा बरी वाटली. दूध पोटात राहिलं. पुढच्या बाजूला तसं लिहिलंय.

सकाळी शेजारणीकडे फोन मागायला गेले, तर ती माहेरी. डॉक्टरणीला गाठायला केंद्रात गेले, फाटकाला कुलूप. ठमीला घेऊन आणखी किती लांब जाणार? आणि खरं सांगायचं तर कुलूप बघून थोडं बरंच वाटलं. सांगितलं असतं तर ह्यांची नोकरी गेली असती. कदाचित आणखी काही झालं असतं. माझ्या तोंडून.

संध्याकाळी दादाचा फोन आला. ह्यांनी तो मोठ्याने लावला आणि मधे ठेवला, दोघांनी ऐकायचं म्हणून.

"दाजी, तुमच्या पोटावर पाय येणार बघा! मासे आपले आपणच व्हायला लागले. आता केंद्र बंद, तुम्ही माझ्या हाताखाली फळ्या उचलायला या!"

"येतो की. चहा देणार का पण?"

"चहा मीच करतो, तो प्यायची तयारी ठेवा. चिमे, आहेस का? ठमी कशी आहे?"

"झोपलीय," मी म्हटलं.

"ऐक, पहिली तुकडी गेली ना वर, त्यांनी अंडी घातलीत. मी बघितली, दगडाखाली, मोत्यासारखी! उरलेले खालच्या डोहात जमलेत. उद्या उन्हं कलली की फळ्या उचलतो. सगळे एकदम जाऊ देत."

तेव्हा बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, दादा, उद्या उचलू नकोस. तोंडही उघडलं मी. पण हे माझ्याकडे बघत होते. रागाने बघत असते तर बोलले असते मी. ते तसे बघत नव्हते. तोंडाला नर्सबाईंनी सांगितलेलं कापड बांधलं होतं, त्याच्या वर नुसते डोळे दिसत होते, भरलेले. 

दादा म्हणाला, "ठेवतो गं. ठमीला माझा पापा दे."

फोन परत खिशात गेला.

१५ तारीख, शनिवार

दवाखान्याच्या बाकावरून लिहितेय. वहीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात "वही उलटी करून शेवटचं पान वाचा" असं लिहिलंय.

हे जेवून निघाले. टेम्पोत निळा टब आणि दोन पिंप, वर ओलं कापड. मी आडवी आले दारात. "तुमच्या पाया पडते." त्यांनी मला बाजूला केलं, हळूच केलं, आणि ठमीकडे लांबूनच बघून गेले. टेम्पो कोपऱ्यावर वळला आणि ठमी खोकायला लागली. खोकली, खोकली आणि मग आवाजच बंद झाला. ओठ निळे. तिला आणि नर्सबाईंना दाखवायची ही वही तशीच उचलून पळाले, पायात चप्पल नाही.

आता तिला आत नळी लावलीय. डॉक्टर म्हणतात मोठ्या दवाखान्यात न्यायचं, गाडी काढतायत. मी तिच्याबरोबर जाणार. दुसरं काय करणार मी? पण उन्हं कलायला लागलीत, खिडकीतून दिसतंय.

ड्रायव्हरने त्याचा फोन दिला. दादाचा नंबर मला पाठ नाही, आमच्या फोनमध्ये नुसतं दादा लिहिलंय. आठवेल तसा फिरवला, एका आजोबांनी उचलला. परत फिरवला, परत तेच. म्हणाले, "बाळा, रडू नको, मी तुझा दादा नाही." ह्यांना लावावा तर त्यांचाही पाठ नाही, कधी लागलाच नाही लावायला. डॉक्टरांना सांगायला गेले तर त्यांना वाटलं मी घाबरून काहीतरी बरळतेय, म्हणाले, "मासे वगैरे नंतर बघू, आधी बाळ."

नर्सबाई घरोघरी गेल्यात, येतीलच म्हणतात. त्यांची वाट बघायला गाडी थांबणार नाही. वही टेबलावर ठेवतेय. नर्सबाई, नाहीतर जो कुणी हे वाचेल, तुम्ही आमच्या घरी जा. क्वार्टर्समधलं शेवटचं दार, उघडंच टाकून आलेय. चुलीच्या बाजूच्या भिंतीवर पेन्सिलने दादाचा नंबर लिहिलाय, दुधाच्या हिशोबाच्या वर. पुसट आहे, उजेड पाडून बघा.

त्याला सांगा, दाजी टब घेऊन येतायत, त्यांना पाण्यात उलटू देऊ नकोस. उलटले असतील तर फळ्या उचलू नकोस. खाली जमलेल्यांचं काय होईल ते मला माहीत नाही, पण वर गेलेत ते तरी राहतील, त्यांची अंडी तरी राहतील. तो वाद घालेल. म्हणेल, अख्ख्या पराचे आहेत, नदीतलेच आहेत. म्हणावं नाहीत, चिमीने स्वतःच्या हाताने दाणे घातलेत त्यांना. आणि दाजींवर हात उचलू नकोस म्हणावं. त्यांना वाटतंय ते वाचवतायत.

ठमीचं काही सांगू नका. त्याने विचारलं तर म्हणा झोपलीय. कळलं तर तो सगळं तसंच टाकून इकडे पळत येईल, आणि फळ्या कोण धरेल? ते मी नंतर सांगेन त्याला, मीच सांगेन.

गाडी लागली दारात. बोलावतायत. आत्ता जा, आणि माझ्या भावाला फोन करा.